महात्मा फुले आणि डोंगराचा हिशोब: घ्यावे किती, परत द्यावे किती?



महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात भाताची तयारी पाऊस येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. ऐन, किंजळ यांच्या फांद्या तोडून कवळ वाळवायचे, रानातला पातेरा गोळा करायचा, शेणाबरोबर त्याचे थर दाढीच्या जागेवर पसरायचे आणि राब भाजायचा. तळीयेसारख्या उतारावरच्या गावांना हे काम नवे नाही. खाचर खाली असते, पण त्याचे खत वरच्या रानातून येते. म्हणून इथल्या शेतकऱ्यासमोर दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो: डोंगराकडून घ्यावे किती आणि त्याला परत द्यावे किती?

आज या प्रश्नाला पर्यावरण असे नाव आहे. ते नाव रुळण्याच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने तो शेतकऱ्याच्या बाजूने मांडला होता. ते म्हणजे महात्मा जोतीराव फुले. मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज यांमुळे ते तुम्हाला माहीत आहेत. मात्र पाणी, माती, रान आणि चाऱ्याबद्दल त्यांनी १८८३ साली जे लिहिले, ते बांधावर उभे राहून वाचावे असे आहे. त्यांचे आयुष्य या अंगाने पाहू आणि शेवटी आपल्या शेतापर्यंत येऊ.

मळ्यातला मुलगा

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पुढे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीला आणि तिथून पुण्याला आले. मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरवण्याचे काम मिळाले आणि फुले हेच आडनाव झाले. आई चिमणाबाई ते अगदी लहान असतानाच गेल्या. वडील गोविंदराव यांनी मुलाला काही काळ शाळेत घातले, मग काढून मळ्यात कामाला लावले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी समजावल्यावर १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले.

मधली ती मळ्यातली वर्षे वाया गेली नाहीत. वाफ्याला पाणी कसे द्यावे, शेणखत किती लागते, पावसाने बांध फुटला तर काय वाहून जाते, हे त्यांनी हाताने काम करून शिकलेले होते. पुढे ते सरकारी कामांचे कंत्राटदार झाले. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. दगड, चुना, मजूर, पाटबंधारे खाते आणि त्यातले अधिकारी त्यांनी जवळून पाहिले. मांजरीला त्यांनी स्वतः शेती केली. त्यामुळे ते शेतीवर लिहायला बसले, तेव्हा त्यांच्याजवळ मळ्याचा अनुभव होता आणि सरकारी खर्चाचीही माहिती होती.

दुष्काळ आणि सजावटीचे हजार रुपये

१८७६-७७ साली दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र उघडले. जोतीराव आणि सावित्रीबाई त्या कामात होते. गावेच्या गावे ओस पडताना त्यांनी पाहिली.

त्याच काळात, १८७६ ते १८८२ या वर्षांत, जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. जोतीरावांचे मत होते की हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावावा. ठरावाला विरोध करणारे ते एकटेच निघाले. त्याच सुमारास शहरात दारूची दुकाने वाढत होती. त्याविरुद्धही त्यांनी नगरपालिकेकडे तक्रार केली.

या दोन्ही गोष्टी शेतीपासून लांबच्या वाटतील, पण तसे नाही. खर्च कोण करतो आणि त्याची किंमत कोण भरतो, हा प्रश्न जोतीराव प्रत्येक ठिकाणी विचारत. सजावट साहेबासाठी होते आणि पैसा मात्र रयतेच्या करातून येतो. शहरातली चैन आणि रानातली उपासमार हा त्यांच्या लेखी एकाच वहीतला जमाखर्च होता.

आसूडातला डोंगर

१८८३ च्या जुलैत त्यांनी शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक लिहून पुरे केले. पुस्तकाची पाच प्रकरणे आहेत. छापून येण्याची वाट न बघता त्यांनी ते पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही ते ऐकले.

या पुस्तकात डोंगराचा विषय दोन ठिकाणी येतो आणि दोन्ही ठिकाणे तुमच्या कामाची आहेत.

पहिले ठिकाण तक्रारीचे आहे. त्यांनी दाखवून दिले की ज्याच्याकडे जमीन थोडी, तो शेतकरी पूर्वी जवळच्या रानावर तगून राहत असे. उंबर-जांभळांसारखी फळे खायची, पाने-फुले विकून मीठमिरचीपुरते पैसे करायचे, गायरानाच्या भरवशावर एखाददुसरी गाय आणि दोन-चार शेळ्या पाळायच्या. मग वनखाते आले. १८७८ च्या कायद्याने रानांवर सरकारी हद्द बसली. डोंगर, दऱ्या, गायराने सगळेच त्यात गेले. शेळीला चरायला जागा राहिली नाही. जनावरे घटली की शेण घटते आणि शेण घटले की जमीन उतरते. रान, जनावर, खत आणि पीक ही साखळी त्यांनी अशी जोडून दाखवली.

ही तक्रार घाटावरची असली तरी कोकणात ती आणखी तीव्र होती, कारण इथे राबाशिवाय भात नव्हता. तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावरून रयत आणि वनखाते यांच्यात एवढा वाद झाला, की मुंबई सरकारला त्यासाठी खास आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. महाड तालुका त्या वेळी कुलाबा जिल्ह्यातच होता.

दुसरे ठिकाण उपायाचे, म्हणजे पाचव्या प्रकरणातले. डोंगर-टेकड्यांवरचे गवत, गळलेली पाने-फुले, मेलेल्या जनावरांची हाडे हे सगळे कुजून पावसाबरोबर खाली येते. हे सत्त्व ओढ्यातून वाहून फुकट जाऊ नये, यासाठी त्यांनी सुचवले की सरकारने फौजेतले आणि पोलिसांतले रिकामे हात कामाला लावावेत आणि जागोजागी तालीसारखे बंधारे घालावेत. पाणी आधी शेतात मुरावे, मग नदीनाल्याला मिळावे. दऱ्याखोऱ्यांत जमतील तेवढे तलाव-तळी बांधावीत, म्हणजे उन्हाळ्यात खालच्या विहिरींना पाणी राहील. साचलेला गाळ शेतकऱ्याला पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा.

आज याला आपण मृद व जलसंधारण म्हणतो. महाराष्ट्रात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ साली आली. त्यातला गाळाचा विचार फुल्यांच्या पुस्तकात त्याआधी १३४ वर्षे नोंदलेला आहे.

राब न्यावा, लाकूड विकू नये

याच प्रकरणात एक बारीक भेद आहे आणि या लेखात तोच सर्वांत महत्त्वाचा. जोतीरावांनी रान सर्वांना मोकळे करा, असे सरसकट म्हटले नाही. गायराने गावाला परत द्या, सरपण आणि शेताचा राब नेताना शेतकऱ्याला अडवू नका, पण विकण्यासाठी इमारती लाकूड तोडण्यावर मात्र सक्त बंदीचा कायदा करा, अशी त्यांची मागणी होती.

हा भेद नीट पाहा. वनखात्याचा त्यांना एवढा राग होता की ते खातेच मोडून टाकावे, अशा टोकाच्या भाषेत त्यांनी लिहिले. तरी रागाच्या भरात त्यांनी झाडाचा बळी दिला नाही. चुलीची आणि खाचराची गरज त्यांनी एका बाजूला ठेवली आणि बाजाराची मागणी दुसऱ्या बाजूला. गरजेला शेवट असतो. चूल पेटली, राब भाजला की कोयता घरी येतो. बाजाराला तसा शेवट नाही. आज एक गाडी भरली तर उद्या दुसरी उभी राहते.

शिवाय गरजेपोटी घेतलेले बरेचसे त्याच शिवारात परत येते. पानांची राख दाढीत जाते, चारा शेण होऊन खाचरात जातो. विकलेले लाकूड मात्र गावाबाहेर जाते आणि त्यातले काहीच मातीला परत मिळत नाही. उपभोगाची नीती म्हणून जे मोठमोठ्या ग्रंथांत सांगितले जाते, ते एवढ्या साध्या हिशोबात सांगता येते.

गरीब माणूस लाकूड हौसेने विकत नाही, हेही जोतीराव जाणून होते. म्हणूनच त्याच पुस्तकात त्यांनी सारा, पाणीपट्टी, कर्ज आणि कोर्टकचेऱ्या यांचा पंचनामा केला. लग्नकार्यात उधळपट्टी करून शेतकरी कर्जबाजारी होतो, हा तेव्हाच्या शहाण्या लोकांचा आवडता आरोप होता. जोतीरावांनी शेतकऱ्याच्या घरातल्या लग्नाचा खर्च किती साधा असतो ते मांडून तो आरोप खोडला आणि बोट अधिकाऱ्यांच्या मोठ्या पगारांकडे वळवले. कमी वापरा, हा उपदेश सर्वांत आधी कुणाला करायचा, याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. ज्याच्या ताटात जास्त, त्याने आधी हात आवरावा.

मेजवानीत आलेला शेतकरी

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. शहरातली बडी मंडळी दागदागिने आणि भरजरी कपडे घालून आली होती. जोतीराव तिथे गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात. भाषणात त्यांनी राजपुत्राला सांगितले की इथे जमलेली श्रीमंती म्हणजे हा देश नव्हे, खरा देश पाहायचा तर खेड्यात जाऊन पाहावा आणि राणीसाहेबांना तिथली स्थिती कळवावी.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. जुलैत पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. तरी डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. १९६८ साली राहुरीला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. महाड तालुक्याशीही त्यांचा एक धागा जुळतो. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि महाराजांना रयतेचा राजा म्हणून लोकांपुढे आणले. महाराजांची समाधी असलेला रायगड याच तालुक्यात आहे.

तळीयेचा उतार

आता त्याच तालुक्यातल्या तळीयेकडे येऊ. २२ जुलै २०२१ रोजी दुपारनंतर तळीयेतील कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या आणि महाड शहर पुराखाली गेले. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ५९० मिमीहून अधिक पाऊस नोंदला गेला.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. एवढ्या पावसात कातळावर बसलेला मातीचा जाड थर पाण्याने भरतो, जड होतो आणि सुटतो. असा मोठा कडा ताली घालून थांबत नाही आणि झाडांची मुळेही त्याला धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून त्या दिवशीच्या दुःखाचा दोष तळीयेच्या राबावर किंवा कोयत्यावर टाकणे चूक आहे. ज्या माणसांनी डोंगराकडून सर्वांत कमी घेतले, त्यांच्याच घरांवर डोंगर आला. हवामान बदलते आहे आणि कमी वेळात कोसळणारा पाऊस वाढतो आहे, त्याला तळीयेच्या चुली कारण नाहीत. खर्च एकाचा आणि भरपाई दुसऱ्याची, हा जोतीरावांचा हिशोब इथे पुन्हा तसाच समोर येतो.

मात्र उतारावरचा सगळाच धोका आपल्या हाताबाहेरचा नाही. मुळे वरचा काही फुटांचा थर बांधून ठेवतात आणि लहान घसरणी बऱ्याच अंशी रोखतात. झाड तोडल्यावर मुळे लगेच मरत नाहीत, पण पुन्हा फुटवा आला नाही तर काही वर्षांत ती कुजतात आणि पकड जाते. उताराचा पायथा यंत्राने कापून रस्ता किंवा फार्महाऊससाठी सपाटी केली की वरच्या मातीचा आधार निघतो. या दोन गोष्टी आपल्या सहीने होतात आणि आपल्या नकाराने थांबू शकतात.

तुमच्या शिवारात काय कराल?

१. उभ्या रानाचा उक्ता सौदा टाळा. ठेकेदार मालकीच्या रानातली झाडे एकगठ्ठा मागतो आणि रोख पैसे पुढे करतो. घरची निकड असेल तरी वाडीच्या वरचा उतार, ओढ्याचा काठ आणि झऱ्याचा माथा सौद्यातून वगळा. कवळ तोडताना शेंडा आणि वरच्या काही फांद्या ठेवा, म्हणजे झाड जगते आणि पुढच्या वर्षी पुन्हा देते.

२. राबाची गरज कमी करा. राब भाजल्याने तण मरते आणि राख मिळते हे खरे, पण पाल्यातले नत्र आणि सेंद्रिय द्रव्य जळून जाते. त्याऐवजी गादीवाफ्यावर रोपे करा. एक हेक्टर लावणीसाठी १० गुंठे रोपवाटिका पुरते. वाफ्यात कुजलेले शेणखत द्या आणि दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळा. तुसाच्या राखेत सिलिका असते, त्यामुळे रोपे कणखर होतात.

३. बांधावर गिरिपुष्प लावा. चारसूत्री भातशेतीत गिरिपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्याला सुमारे ३० किलो, म्हणजे हेक्टरी ३ टन चिखलणीआधी घालतात. फांद्या पसरून ठेवल्या की काही दिवसांत पाने गळतात, काड्या बाजूला काढून चुलीला वापरता येतात. खत आणि सरपण दोन्ही बांधावर मिळाले तर रानावरचा भार तेवढा उतरतो.

४. वरकस जमिनीत उताराला आडवे काम करा. नाचणी, वरईची नांगरट आणि लावणी उताराच्या दिशेने केली तर प्रत्येक सरी माती वाहून नेणारी गटार होते. आडव्या ओळी घ्या आणि अधूनमधून वाळा किंवा गवताचा पट्टा ठेवा. खाचराच्या बांधाला दगडी सांडवा करा, म्हणजे जादा पाणी बांध न फोडता उतरेल.

५. पाणी कुठे मुरवायचे ते जागा पाहून ठरवा. फुल्यांचा पाणी मुरवण्याचा सल्ला शेतासाठी आहे. महाडकडे वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. इथे वाडीच्या डोक्यावरच्या उभ्या उतारात चर खणून पाणी साठवू नका. मुरलेले पाणी मातीचे वजन वाढवते आणि धोका वाढतो. घरांच्या वर पाणी साठू न देता बाजूच्या ओढ्याला नीट वाट करून द्या. चर, तळी, बंधारे खालच्या मंद उतारावर आणि नाल्यात घ्या, तेही कृषी सहायकाला जागा दाखवून.

६. डोंगराकडे लक्ष ठेवा. उतारावर नवी भेग, एका बाजूला कललेली झाडे किंवा खांब, भिंतींना आणि जोत्याला पडलेले तडे, अचानक गढूळ झालेला किंवा बंद पडलेला झरा, नव्या जागी फुटलेले पाणी ही धोक्याची चिन्हे आहेत. यातले काही दिसले आणि पाऊस कोसळत असेल तर सामानाची वाट पाहू नका. माणसे आणि जमल्यास जनावरे घेऊन उताराच्या वाटेतून बाजूला निघा आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवा.

यातले पहिले तीन मुद्दे गरज आणि विक्री यांतला जोतीरावांचा भेदच आहेत, फक्त आजच्या शेताच्या भाषेत मांडलेले. पुढचे तीन आपल्या भागाच्या पावसाने आपल्याला शिकवले आहेत. यंदा कवळ तोडायला निघण्याआधी घरात बसून एकदा हिशोब करा: रानातून किती भारे आले, त्यातले किती चुलीला आणि शेताला लागले, किती विकले गेले आणि आपण नवी झाडे किती लावली. शेवटचा आकडा शून्य असेल, तर मृगाच्या पहिल्या पावसात गिरिपुष्पाच्या फांद्या बांधावर रोवून सुरुवात करता येईल.